ब्लॅकवुडच्या जर्सी गाई

आमच्या घरी जर्सी गाई होत्या. होत्या म्हणजे चार, आणि त्याही पावणेदोन वर्षं. शाहूवाडी तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमचं गाव, तिथं दादांनी, म्हणजे वडिलांनी, कर्ज काढून गोठा बांधला, खाली कोबा केला, वर पत्रा टाकला, गाई आणल्या आणि गावभर सांगून झालं की आता पोरं दुधावर शिकणार. पहिल्याच उन्हाळ्यात एकीच्या काशेला दगडी झाली, दुसरी सारखी उलटायला लागली, म्हणजे गाभण राहीना, डेअरीत फॅट लागेना, पेंडेचा भाव चढला, आणि शेवटी उरलेल्या दोन वडगावच्या बाजारात निम्म्या किमतीला गेल्या. त्या गोठ्यात आता मोटरसायकल असते आणि भाताची पोती. दादांसमोर आजही कुणी गाय घ्यायचा विषय काढला की ते उठून बाहेर जातात.

हे सगळं आठवायचं कारण अल्जरनॉन ब्लॅकवुड. मी पुण्यात रात्रपाळी करतो, पहाटे तीन ते पाच फोन जवळजवळ बंद असतात, तेव्हा मोबाईलवर काहीबाही वाचत बसायची सवय लागलीय. जुनी इंग्रजी भुताची पुस्तकं फुकट मिळतात. तिथं हा बाबा सापडला. दोनशेच्या वर गोष्टी, डझनभरापेक्षा जास्त कादंबऱ्या, भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्या इंग्रजांमध्ये पहिल्या चार-पाचात नाव. मग सवयीप्रमाणे माणूस कोण होता ते बघायला गेलो तर काय, हा गडी विशीत कॅनडात जर्सी गाईंची डेअरी काढून बुडालेला! खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तो मला आमच्या भावकीतला वाटला.

खरं तर त्याला गाई घ्यायची काही गरजच नव्हती. जन्म १८६९ चा, लंडनच्या कडेला शूटर्स हिल म्हणून भाग आहे तिथला. वडील सर स्टीव्हन्सन आर्थर ब्लॅकवुड म्हणजे ब्रिटिश पोस्ट खात्याचे सेक्रेटरी, आई आधीच्या लग्नाने डचेस. पैसा, ओळखीपाळखी, सगळं होतं. पण घर कडक ख्रिस्ती, म्हणजे आपल्याकडच्या माळकरी घराच्या दहापट कडक. दारू नाही, नाटक नाही, पत्ते नाहीत, आणि पाप केलंस तर नरक हा ठरलेला. पोराला शाळांवर शाळा बदलून बघितल्या, त्यातली एक जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमध्ये, मोराव्हियन पंथाच्या लोकांची. तिथली शिस्त भयंकर होती, पण भोवतीचं जंगल त्याला आवडलं आणि ते डोक्यात बसलं ते बसलंच.

आणि मग या घरात कुणीतरी पतंजलीच्या योगसूत्रांचं इंग्रजी भाषांतर सोडून गेलं. पोराने ते उघडलं. वडील जगाला नरकाचा धाक घालतायत आणि मुलगा वरच्या खोलीत चोरून पतंजली वाचतोय, असं ते घर. तिथून तो थिऑसॉफीकडे गेला, म्हणजे सगळ्या धर्मांच्या तळाशी एकच गूढ सत्य आहे असं मानणाऱ्या पंथाकडे, भगवद्गीतेकडे गेला, पुढे टोरांटोत थिऑसॉफिकल सोसायटी निघाली त्यातही हा होताच. आपल्याला हे वाचून लगेच छाती फुगवायचा मोह होतो, पण तसं करू नये. त्याने पतंजली वाचला तो आपला म्हणून नाही, घरातून बाहेर पडायला एक दार हवं होतं म्हणून वाचला.

१८९० साली तो कॅनडाला गेला, वय वीस-एकवीस. एका शेतकऱ्याबरोबर भागीत जर्सी गाईंची डेअरी काढली. बुडाली. मग उरलेले पैसे आणि एक मित्र घेऊन टोरांटोत हॉटेल घेतलं, त्याला बार जोडलेला. वडील इंग्लंडात दारूबंदीच्या सभा गाजवतायत आणि पोरगा टोरांटोत गल्ल्यावर बसून व्हिस्कीचे पैसे मोजतोय. हॉटेल पण बुडालं. मग तो सरळ एका तलावातल्या बेटावर जाऊन राहिला, ऑन्टारिओच्या मस्कोका भागात, पूर्ण उन्हाळा. मासे धरायचे, होडी वल्हवायची, रात्री शेकोटीशेजारी पडायचं. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ म्हणून तो नंतर त्या बेटाबद्दल सांगायचा. धंदा बुडाल्यावर आमचे दादा पण महिनाभर पठारावरच्या शेतात झोपायला जायचे. आम्हाला वाटायचं गव्यांपासून पीक राखायला जातात.

बेटावरून तो गेला न्यूयॉर्कला आणि तिथं मात्र हालच हाल झाले. ईस्ट नाइनटीन्थ स्ट्रीटवर एक खोली, तिच्यात दोघं-तिघं, पलंग एक, ढेकूण बेहिशेब. 'इव्हनिंग सन' नावाच्या पेपरात आठवड्याला १५ डॉलरवर बातमीदार म्हणून लागला, पोलीस कोर्टात बसायचं, चोर, खुनी, दारुडे, नवऱ्याला टाकून गेलेल्या बायका, हे सगळं रोज बघून लिहायचं. मधेमधे चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून उभा राहायचा. पैसे संपले की सुकवलेली सफरचंदं खायची आणि वर गरम पाणी प्यायचं, म्हणजे ती पोटात फुगतात आणि जेवल्यासारखं वाटतं. ही आयडिया वाचल्यावर मी बाजूला ठेवलेला वडापाव गपचूप पुढं ओढला.

आजारी पडला तेव्हा एक म्हातारा जर्मन डॉक्टर फुकट उपचार करायचा, तो स्वतः मॉर्फिनच्या आहारी गेलेला. आणि ज्याला खोलीत घेतलं, अर्धी भाकर दिली, तो गोडबोल्या इंग्रज दोस्त याचेच पैसे चोरून, खोटी सही करून पसार झाला. या दोस्ताला ब्लॅकवुडने पुस्तकात बॉइड असं नाव दिलंय. त्याला याने शहरभर हुडकला, धरला आणि पोलिसांच्या ताब्यात दिला. हे सगळं त्याने १९२३ च्या 'एपिसोड्स बिफोर थर्टी' या आठवणींत लिहिलंय. माझं स्पष्ट मत आहे की ब्लॅकवुडचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर हे वाचावं, भुताची राहू देत. त्यात एक बातमीदार आहे जो रोज माणसांची घाण बघतो आणि सुट्टी मिळाली की शहराबाहेरच्या झाडीत जाऊन पडतो.

नंतर दिवस थोडे बदलले, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लागला, मग एका श्रीमंत बँकरचा खाजगी सेक्रेटरी झाला, आणि १८९९ मध्ये इंग्लंडला परत आला. इंग्लंडात येऊन काय करावं? दुधाच्या पावडरीचा धंदा. पुन्हा दूध! माणसाला एखादी गोष्ट सोडत नाही म्हणतात ती अशी.

दिवसा दूध पावडर आणि संध्याकाळी घरी येऊन गोष्टी लिहायच्या. एखाददुसरी मासिकात छापून आली होती, पण बाकीच्या लिहायच्या आणि कपाटात टाकायच्या, कुणाला द्यायच्या नाहीत. एक ओळखीचा पत्रकार, अँगस हॅमिल्टन, घरी यायचा, त्याला त्या आवडायच्या. एके दिवशी तो त्या घेऊन गेला, आणि काही दिवसांनी ब्लॅकवुडला प्रकाशकाचं पत्र, की तुमचं पुस्तक काढतोय. याला कल्पनाच नाही. १९०६ च्या डिसेंबरात 'द एम्प्टी हाउस' आलं तेव्हा हा ३७ वर्षांचा होता. गाई झाल्या, हॉटेल झालं, पेपर झाला, पावडर चालू होती, आणि लेखक झाला तो मित्राने न विचारता कपाट रिकामं केलं म्हणून.

आता मला चकव्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं नीट सांगता येणार नाही.

मी दहा वर्षांचा असेन. आमची एक म्हैस पठारावरून परत आली नाही म्हणून आबा आणि मी दिवस मावळता मावळता तिला हुडकायला गेलो. आबा म्हणजे आजोबा. म्हैस काही मिळाली नाही आणि अंधार पडला. आबांचं आख्खं आयुष्य त्या पठारावर गेलेलं, डोळे बांधून खाली उतरले असते. पण आम्ही चालतोय चालतोय आणि पुन्हा त्याच ऐनाच्या झाडाशी येतोय, ज्याच्या बुंध्याशी करवंदीची जाळी आणि एक बसका कातळ. पहिल्यांदा काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा आबा थांबले, इकडेतिकडे बघितलं, काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा तेच झाड आलं तेव्हा ते सरळ कातळावर बसले, कमरेची चंची काढली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "बस खाली. आता चालायचं न्हाय."

मी म्हणालो, आबा, गाव तिकडं हाय की, दिवा दिसतोय.

"दिवा न्हाय त्यो. बस म्हंतो न्हवं. ही जागा आता आपली न्हाय. दिस उगवला की हुईल."

मग त्यांनी डोक्याचा पटका सोडला, त्याचं टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि म्हणाले झोप. आम्ही रात्र तिथंच काढली. सकाळी उठून बघतो तर गावाची वाट चाळीस पावलांवर. आता तुम्ही म्हणाल अंधारात माणूस एका बाजूला झुकत गोल फिरतो, त्याला शास्त्र आहे. असेल. मी पण पुण्यात तेच सांगतो. पण आबांनी जे म्हटलं, ही जागा आता आपली नाही, ते वाक्य मला कुठल्या पुस्तकात कधी भेटेल असं वाटलं नव्हतं.

ते भेटलं 'द विलोज'मध्ये, १९०७ च्या 'द लिसनर' या संग्रहात. ब्लॅकवुडने स्वतः १९०० च्या उन्हाळ्यात एका मित्राबरोबर कॅनडातल्यासारखी हलकी होडी घेऊन डॅन्यूब नदीतून प्रवास केला होता, त्याच प्रवासातून ही गोष्ट आली. दोन दोस्त, एक सांगणारा आणि एक स्वीडिश, व्हिएन्ना मागे टाकून पुराच्या पाण्यात हंगेरीच्या दलदलीत शिरतात आणि वाळूच्या एका बेटावर मुक्काम करतात. बेटभर विलोची झुडपं. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा चुलतभाऊ. बस, एवढंच आहे. भूत नाही, शाप नाही, कुणाचा खून झालेला नाही, कुणाचा जीव कशात अडकलेला नाही. वारा आहे, पाणी आहे, बेट दर तासाला कडेने ढासळतंय, आणि झुडपं.

पहिली वीसेक पानं नुसता प्रवास आहे, आणि घाईचा वाचक तिथंच मोबाईल खाली ठेवेल. ठेवू नका. कारण तो भीती आणत नाही, तुमच्या खात्रीतल्या एकेक वस्तू काढून घेतो. सकाळी उठून बघतात तर एक वल्हं गायब. दुसरं वल्हं कुणीतरी घासून इतकं पातळ केलंय की जोर लावला की मोडेल. होडीच्या तळाला चीर. ब्रेड संपलेला. वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे पडलेत, कुणाचे ते कळत नाही. काल झुडपं तंबूपासून लांब होती, आज जवळ वाटतायत. आणि गंमत म्हणजे तो स्वीडिश आधी अगदी कोरडा ठोकळा म्हणून दाखवलाय, कल्पनाशक्ती शून्य, आणि त्यालाच आधी पटतं की आपण अशा ठिकाणी आलोय जिथं दोन जगांमधला पडदा झिजलाय आणि पलीकडच्यांना आपली चाहूल लागलीय. त्यांचं नाव काढायचं नाही, त्यांचा विचार करायचा नाही, विचार केला की सापडलो. त्यांचं आपल्याशी वैर नाही. आपण त्यांच्या हिशेबातच नाही, आणि तेच जास्त वाईट आहे. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने पुढे भयकथेवर मोठा निबंध लिहिला, त्यात ब्लॅकवुडच्या सगळ्या लिखाणात या गोष्टीला वरचं पान दिलंय. मी म्हणतो पानच काय, ताट द्यावं.

पण मला ज्या दोन जागांनी धरलं त्या वेगळ्याच आहेत. एक म्हणजे रात्री सांगणारा तंबूबाहेर येतो आणि झुडपांतून काहीतरी मोठे आकार आभाळाकडे चढत जाताना बघतो, आणि त्याला वाटतं काय, तर पळावं असं नाही, खाली पडून यांची पूजा करावी असं. दुसरी म्हणजे शेवटाकडे तो स्वीडिश उठून सरळ नदीकडे निघतो, मी त्यांच्यात चाललो, पाण्याच्या आणि वाऱ्याच्या वाटेने, असं काहीतरी बरळत, आणि सांगणारा त्याला मिठी मारून, ओढून, जबरदस्तीने परत आणतो. म्हणजे बघा, त्याला कुणी ओढून नेत नव्हतं. तोच निघाला होता.

१९०८ मध्ये 'जॉन सायलेन्स' आलं. हा एक श्रीमंत डॉक्टर, गरिबांना फुकट बघणारा, आणि ज्यांच्यावर दुसऱ्या डॉक्टरांचं औषध चालत नाही अशा पछाडलेल्या लोकांना सोडवणारा. नारायण धारपांचा समर्थ वाचून वाढलेल्यांना हा माणूस उंबऱ्यातच ओळखू येईल, तेच शांत बसणं, तेच सगळं आधी माहीत असणं. एका गोष्टीत विनोदी लेखक आहे, तो गांजाचा अर्क घेतो आणि त्यानंतर त्याचा विनोदच मरतो, लिहायला बसला की भलतंच काहीतरी उतरतं. तिथं सायलेन्स मदतीला मांजर आणि कुत्रा घेऊन जातो. मांजराला ते आलेलं आवडतं, ते खुशीत गुरगुरत त्याच्या पायांत घोटाळतं, आणि कुत्रा बिचारा घाबरून कोलमडतो. पुस्तकाची तीन पानं मांजराच्या चालण्यावर आहेत आणि एक शब्द फुकट नाही. बाकी मला खुद्द सायलेन्स फार आवडत नाही, शेवटी तो सगळं समजावून सांगतो आणि समजावलं की भीतीतली हवा जाते. समर्थबद्दलही माझी हीच तक्रार होती.

पण प्रकाशकाने मोठाली पोस्टरं लावून ते पुस्तक गाजवलं, पैसे आले, आणि ब्लॅकवुडने दूध पावडरीला कायमचा नमस्कार केला. आमच्या दादांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "सुटला."

त्यानंतर तो स्वित्झर्लंडला जाऊन राहिला, ज्युरा डोंगराच्या पायथ्याला बोल नावाचं गाव आहे तिथं, आणि १९१४ पर्यंत नुसता सुटला. १९०९ मध्ये दोन पुस्तकं, १९१० मध्ये दोन, ११ ला एक, १२ ला एक, १३ ला एक, १४ ला दोन. सगळं चांगलं आहे का? अजिबात नाही. 'द सेंटॉर' ही त्याची स्वतःची फार लाडकी कादंबरी, कॉकेशसच्या प्रवासातून आलेली, मी तीनदा सुरू केली आणि तीनदा झोपलो, आणि मी रात्रपाळीचा माणूस आहे, मला सहज झोप येत नाही. तो जेव्हा पृथ्वी हा एक जिवंत जीव आहे हे पटवायला जातो तेव्हा कीर्तनकार होतो. हेच तो तंबू, शेकोटी, वल्हं आणि एक घाबरलेला माणूस घेऊन सांगतो तेव्हा अंगावर येतं.

त्याने लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, दोन-तीन ट्रंकांत मावेल एवढाच संसार, आज या मित्राकडे, उद्या त्या. त्याच्या एका कादंबरीवरून १९१५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये नाटक झालं, संगीत खुद्द एल्गरचं, म्हणजे इंग्लंडच्या नामवंत संगीतकाराचं, महिनाभरात बंद पडलं. महायुद्धात स्वित्झर्लंडमध्ये हेरगिरी केली, मग रेड क्रॉसमध्ये जाऊन हरवलेल्या सैनिकांचा तपास लावायचं काम केलं. हे काम मात्र त्याला शोभतं.

कारण 'द वेंडिगो' ही हरवलेल्या माणसाचीच गोष्ट आहे, १९१० ची. कॅनडाच्या जंगलात मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेलेली मंडळी, त्यात सिम्प्सन नावाचा तरुण आणि डेफागो नावाचा फ्रेंच-कॅनेडियन वाटाड्या, दोघंच एका तलावाकाठी तंबू ठोकून. डेफागोला संध्याकाळपासून कसला तरी वास येतोय. रात्री सिम्प्सनला जाग येते तर हा शेजारी हुंदके देऊन रडतोय. मग बाहेरून हाक येते, त्याचंच नाव, आणि तो एका झेपेत तंबूतून बाहेर. सकाळी बर्फात दोन प्रकारचे ठसे, एक कसल्या तरी मोठ्या जनावराचे, शेजारी डेफागोचे, आणि दोन्हींमधलं अंतर वाढत जातं, माणसाला शक्य नाही इतकं, आणि माणसाचे ठसे हळूहळू त्या दुसऱ्या ठशांसारखे व्हायला लागतात, आणि एका ठिकाणी दोन्ही संपतात. पुढे नुसता बर्फ. वरून, आभाळातून त्याचा आवाज येतो, माझे पाय जळतायत, केवढी ही उंची, केवढा हा वेग. मी हे पहाटे सव्वातीनला वाचलं आणि मग ऑफिसातले सगळे दिवे लावून आलो, सिक्युरिटीवाले काका वर बघायला आले की काय झालं म्हणून.

आता खरा वेंडिगो तिथल्या मूळ लोकांचा, त्यांच्या गोष्टींत तो थंडीचा, उपासमारीचा, माणूस खाणारा. ब्लॅकवुडने त्यातलं माणूस खाणं जवळजवळ काढूनच टाकलं, त्याचा वेंडिगो चक्क शेवाळ खातो, आणि ठेवली ती फक्त रानाची हाक. हे मूळ लोकांवर अन्याय करणारं आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, त्यातल्या स्वयंपाक्याचं वर्णन तर आज वाचवत नाही. पण ज्याने उपाशीपोटी फुगलेली सफरचंदं खाल्लीत त्याने भुकेचं भूत न करता ओढीचं भूत केलं, याचा मी बरेच दिवस विचार करतोय. न्यूयॉर्कवर त्याने भुताच्या गोष्टी लिहिल्या, त्या बऱ्या आहेत. भाड्याच्या खोल्या, खुनी मालक, जिन्यावरची पावलं. पण माणसांची भीती त्याला माहितीची होती, बॉइडला त्याने कॉलरला धरून पोलिसात दिला होता. रान त्याला आवडायचं. आणि जे आवडतं त्याला कॉलर नसते.

'द मॅन हूम द ट्रीज लव्ह्ड' म्हणून अजून एक आहे, १९१२ ची. आयुष्यभर हिंदुस्थानात जंगल खात्यात नोकरी करून इंग्लंडला परतलेला म्हातारा साहेब, घराला लागून मोठं जंगल, आणि बायको एकदम देवभोळी, ब्लॅकवुडच्या घरातल्यासारखी. झाडं त्याला हळूहळू बोलावून घेतात. बायको प्रार्थना करते, रात्री जागते, हात धरून बसते. तो मरत नाही, तिच्यासमोर खुर्चीत बसलेला असतो, चहा पितो, आणि गेलेला असतो. ही फार लांबलेली गोष्ट आहे पण ती बाई मला विसरता येत नाही. आमची आई पण दादा पठारावर झोपायला जायचे तेव्हा दारात अशीच उभी राहायची.

म्हातारपणी ब्लॅकवुडला पुन्हा एक धंदा मिळाला, आणि हा चालला. १९३४ पासून बीबीसी रेडिओवर गोष्टी सांगायला लागला, १९३६ च्या नोव्हेंबरात टीव्ही सुरू झाला तेव्हा अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमांत हा होता, वय ६७. कागद नाही, पाठांतर नाही, कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि सांगायचं. लोक त्याला घोस्ट मॅन म्हणायला लागले. आयुष्यभर ज्याला टीव्ही ठेवायला घरच नव्हतं तो टीव्हीवरचा पहिल्या फळीतला चेहरा झाला, उन्हाने आणि वाऱ्याने सुरकुतलेला, चामड्यासारखा. १९४० मध्ये बॉम्ब पडून तो राहत होता ते पुतण्याचं घर उडालं, कागदपत्रं गेली, हे दोघं शेल्टरमध्ये होते म्हणून वाचले. त्यानंतरही हा सांगतच राहिला. १९४९ मध्ये सरकारने सीबीई हा किताब दिला. १० डिसेंबर १९५१ ला लंडनमध्ये गेला, ८२ व्या वर्षी. काही आठवड्यांनी पुतण्याने अस्थी स्वित्झर्लंडला नेल्या आणि सानेनमोझरच्या खिंडीत डोंगरावर उधळून दिल्या.

आबांना आम्ही घाटावर नेलं, रीतसर. ते गेले त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

त्या रात्रीचं मी सगळं सांगितलं नाही. आबांचा डोळा लागल्यावर मी जागाच होतो. दिवा दिसत होता, पिवळट, आमच्या घरच्या चिमणीसारखा, आणि मला मुळीच भीती वाटत नव्हती. उलट तिकडं जावं, गेलं की बरं वाटेल, असं इतकं सरळ वाटत होतं जसं तहान लागल्यावर पाण्याकडे जावंसं वाटतं. मी उठलो, चार पावलं गेलोही. मग हाताला हिसका बसला आणि आठवलं की पटका बांधलाय. परत येऊन पडलो. आबांनी मी हरवू नये म्हणून मला स्वतःच्या हाताला बांधून ठेवलंय असं मी धरून चाललो होतो.

सकाळी उजाडल्यावर बघितलं. पटक्याचं एक टोक माझ्या मनगटाला. मधले दोन वेढे आबांच्या उजव्या हाताला, करकचून, काळे वळ उठलेले. आणि दुसरं टोक ऐनाच्या बुंध्याला, निरगाठ मारून. ती गाठ ओढ बसून बसून इतकी आवळली होती की दोघांनाही सुटेना, शेवटी आबांनी कमरेचा विळा काढून पटकाच कापला.

घरी आल्यावर आज्जीनं विचारलं, पटका कशानं फाटला. आबा म्हणाले, करवंदीत अडकला.